फॉल म्हणजे पडणेच का?

आपल्या शाळेत दिवसाची सुरुवात ज्या इंग्रजी क्रियापदाने होते ते म्हणजे ‘फॉल’. पहाटेचा बिगुल झाला की हाऊस कॅप्टन ओरडतो, ‘फॉल इन!’ आणि आपण डोळे चोळत तीन ओळींत उभे राहतो. रात्री रोल कॉल संपला की ‘फॉल आऊट’. या दोन्ही आज्ञांमध्ये कोणीही पडत नाही. (पडलाच तर त्याला एम.आय. रूममध्ये नेतात, आणि तो दोन दिवस पी.टी.तून सुटतो.) तरीही इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला तर ‘फॉल’पुढे पहिला अर्थ ‘पडणे’ हाच दिसतो.

आपल्यासारख्या मराठी मुलांना हे क्रियापद शिकताना एक फायदा आहे आणि एक धोकाही. फायदा असा की आपले ‘पडणे’ हे क्रियापदसुद्धा ‘फॉल’इतकेच उद्योगी आहे. पाऊस पडतो, भाव पडतात, माणूस आजारी पडतो, सरकार पडते, प्रश्न पडतो, स्वप्न पडते आणि शेवटी सुट्टीसुद्धा पडते. यातले निम्मे प्रयोग इंग्रजीत ‘फॉल’ने जसेच्या तसे होतात. धोका इथेच आहे. निम्मे जुळतात म्हणून आपण निर्धास्त होतो आणि उरलेल्या निम्म्यांत फसतो.

पुढे जाण्याआधी रूपे पाहू. वर्तमानकाळी ‘फॉल’, भूतकाळी ‘फेल’ आणि तिसरे रूप ‘फॉलन’. देवनागरीत नापास होण्याचा ‘फेल’ आणि हा ‘फेल’ सारखेच दिसतात, पण उच्चार वेगळे आहेत. नापास होण्याच्या शब्दात ‘ए’ लांब आहे, पडण्याच्या भूतकाळात तो आखूड आहे. या लेखात ‘फेल’ म्हणजे सगळीकडे ‘पडला’. नापासांचा विषय आपण घेणारच नाही.

आता जिथे दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात ते आधी उरकून टाकतो, कारण तिथे शिकण्यासारखे फार नाही. दव पडते, बर्फ पडतो, अंधार पडतो: तिन्हीकडे ‘फॉल’ चालतो. क्रिकेटमध्ये विकेट पडते, आणि धावफलकाखाली ‘फॉल ऑफ विकेट्स’ म्हणून आकडे दिलेले असतात. एखादा माणूस फसवणुकीला बळी पडतो, तेव्हा इंग्रजीत तो ‘फॉल्स प्रे’ किंवा ‘फॉल्स व्हिक्टिम’. अभ्यासात मागे पडणे म्हणजे ‘फॉल बिहाइंड’. एखादे काम आपल्या अंगावर पडते, तेव्हा इंग्रजीत ‘इट फॉल्स टू मी’. साडीला जो फॉल लावतात तोही हाच शब्द. खाली पडणाऱ्या कडेला आतून लावलेली ती पट्टी. आईबरोबर फॉल-पिकोच्या दुकानात गेलेल्या प्रत्येकाने हा इंग्रजी शब्द शाळेत जाण्याआधीच ऐकलेला असतो.

‘कमी पडणे’ आणि ‘फॉल शॉर्ट’ ही जोडी मला सर्वांत आवडते. पैसे कमी पडतात, मार्क कमी पडतात, आणि तोफेचा गोळाही कमी पडतो. तोफखान्यात ‘फॉल ऑफ शॉट’ असा शब्दच आहे. गोळा जिथे जाऊन आदळतो ती जागा, असा त्याचा अर्थ. पुढे निरीक्षण चौकीत बसलेला अधिकारी दुर्बिणीतून ती जागा पाहतो आणि मागे तोफांना दुरुस्ती कळवतो. गोळा लक्ष्याच्या अलीकडे पडला असेल तर ‘ॲड’ आणि पलीकडे गेला असेल तर ‘ड्रॉप’. नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे. त्या बाजूच्या मुलांनी हे शब्द कदाचित आपल्या आधी ऐकले असतील. पण लक्षात घ्या, ‘फॉल शॉर्ट’ म्हणजे निव्वळ अपयश नव्हे. गोळा योग्य दिशेने गेला आहे, अंतर तेवढे राहिले आहे. ‘अवर हाऊस फेल शॉर्ट बाय टू पॉइंट्स’ या वाक्यात तीच भावना आहे.

राजकारणातही एक गंमत आहे. लोकसभेत 17 एप्रिल 1999 रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार विश्वासदर्शक ठरावावर एका मताने पडले. बाजूने 269, विरोधात 270. इथे ‘द गव्हर्नमेंट फेल’ हे वाक्य अगदी बरोबर आहे. पण निवडणुकीत उमेदवार पडला तर? ‘द कँडिडेट फेल’ म्हटले तर इंग्रज वाचकाला वाटेल, बिचारा व्यासपीठावरून घसरला. तिथे ‘लॉस्ट’ म्हणायला हवे. शिवाय मराठीत मतेही पडतात. ‘मते कमी पडली म्हणून उमेदवार पडला आणि आमदार कमी पडले म्हणून सरकार पडले.’ या एका वाक्यात ‘पडणे’ चार वेळा आले आहे. इंग्रजीत बिनधोक ‘फेल’ फक्त शेवटच्याला लावता येतो.

सरकारसारखेच किल्ल्याचे. किल्ला पडला, शहर पडले, आणि इंग्रजीतही ‘द फोर्ट फेल’. सिंगापूर 15 फेब्रुवारी 1942 रोजी जपान्यांच्या हाती पडले, आणि इंग्रजी इतिहासात त्या घटनेचे नावच ‘फॉल ऑफ सिंगापूर’ आहे. त्या दिवशी हजारो भारतीय सैनिक युद्धकैदी झाले आणि त्यांच्यातूनच पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली. पण इथे एक गोष्ट बारकाईने पाहा. ‘पडणे’ आणि ‘फॉल’ ही दोन्ही क्रियापदे पडणाऱ्याच्या बाजूने बोलतात. ज्याने पाडले त्याचे नाव त्यात येत नाही. चिमाजी अप्पांनी 1739 च्या मे महिन्यात पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला. आपण म्हणतो वसई घेतली, वसई जिंकली. ‘वसई पडली’ हे वाक्य पोर्तुगीज गव्हर्नरच्या तोंडी शोभेल.

याहून ठळक उदाहरण 16 डिसेंबर 1971 चे आहे. ढाक्यात जनरल नियाझी यांनी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यासमोर शरणागतीवर सही केली. आपण तो दिवस विजय दिवस म्हणून पाळतो. बांगलादेशातही तो विजयाचाच दिवस आहे. पाकिस्तानात मात्र त्याच घटनेला ‘फॉल ऑफ ढाका’ म्हणतात. तारीख एक, शहर एक, सही एक. पण ‘फॉल’ हा एवढासा शब्द वाचला की लिहिणारा कोणत्या बाजूला उभा आहे ते कळते. इतिहासाच्या पेपरात हा शब्द वापरण्याआधी म्हणून थोडे थांबावे.

बर्लिनच्या भिंतीबद्दल तर दोन्ही भाषांना प्रश्न पडावा. 9 नोव्हेंबर 1989 च्या रात्री तिथली नाकी उघडली आणि लोक हातोडे घेऊन भिंतीवर चढले. भिंत काही आपोआप पडली नाही, ती पाडली. तरी जगभर ‘फॉल ऑफ द बर्लिन वॉल’ असेच म्हणतात. माझ्या मते मराठी इथे जास्त प्रामाणिक राहू शकते, कारण आपल्याकडे ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ यांत फक्त एका कान्याचे अंतर आहे. आपण सहज ‘भिंत पाडली’ म्हणू शकतो.

हा काना म्हणजे व्याकरणातील फार सुंदर गोष्ट आहे. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे. आतला स्वर बदलला की आपोआप होणारी क्रिया कोणीतरी केलेली क्रिया होते. इंग्रजीतही जुन्या काळची अशीच सोय आहे, पण ती आपल्याला कोणी दाखवत नाही. ‘राइज’ म्हणजे वर येणे आणि ‘रेज’ म्हणजे वर उचलणे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे ठेवणे, बसवणे. ‘लाय’ म्हणजे आडवे होणे आणि ‘ले’ म्हणजे आडवे ठेवणे. त्याच घराण्यात ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे पाडणे! होय, ‘फेल’ हे भूतकाळी रूप आहेच, पण त्याच स्पेलिंगचे एक वेगळे क्रियापदही आहे. ते मुख्यतः झाडे तोडून पाडण्यासाठी वापरतात, आणि त्याचा भूतकाळ ‘फेल्ड’ होतो. म्हणून ‘द ट्री फेल’ म्हणजे झाड पडले आणि ‘दे फेल्ड द ट्री’ म्हणजे त्यांनी झाड पाडले. ‘दे फेल द ट्री’ असा पर्याय परीक्षेत दिसला तर घाई करू नका. तो वर्तमानकाळ असेल तर बरोबर, भूतकाळ असेल तर चूक. शेजारीच ‘फील’चा भूतकाळ ‘फेल्ट’ टपून बसलेला असतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

परीक्षेचे नाव निघालेच आहे तर सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांना पुढे एन.डी.ए.ची लेखी परीक्षा द्यायची आहे. 900 गुणांपैकी गणिताला 300 आणि सामान्य क्षमता चाचणीला 600. त्या 600 मध्ये इंग्रजीचे 200 आहेत, आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. वाक्प्रचारांच्या प्रश्नात चारही पर्याय ओळखीचे वाटतात. मराठी मुलगा मनात भाषांतर करून ‘पडणे’ जिथे बसेल तिथे ‘फॉल’वर खूण करतो. म्हणून आता न जुळणारी बाजू जरा निवांत पाहू.

सर्वांत मोठा सापळा आहे ‘पार पडणे’. शाळेच्या अहवालात आपण लिहितो, ‘वार्षिक क्रीडास्पर्धा उत्साहात पार पडल्या.’ याचे शब्दशः इंग्रजी करायला गेले की हात आपोआप ‘फेल थ्रू’कडे जातो. पण ‘फॉल थ्रू’ म्हणजे बेत फिसकटणे, ठरलेले काम न होणे! आपले ‘पार’ म्हणजे पैलतीर. नदी ओलांडून पलीकडे पोचलो. इंग्रजीतला ‘थ्रू’ म्हणजे जणू चाळणीच्या भोकातून खाली गळून जाणे. शब्द जवळजवळ तेच आणि अर्थ बरोबर उलटा. प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या ब्रिगेडियर साहेबांच्या हाती ‘द ॲन्युअल स्पोर्ट्स मीट फेल थ्रू’ असे छापलेले पत्रक पडले, तर काय होईल याची कल्पना करा.

दुसरा सापळा ‘बाहेर पडणे’. आपण घराबाहेर पडतो, म्हणजे चालत निघतो. ‘आय फेल आऊट ऑफ द हाऊस’ म्हणजे मी घरातून बाहेर आपटलो, खिडकीतून की दारातून ते देव जाणे. आपल्या डॉर्मिटरीतल्या वरच्या बंकवरून कोणी झोपेत खाली आला तर ‘ही फेल आऊट ऑफ बेड’ म्हणता येते. ड्रिलमध्ये मात्र ‘फॉल आऊट’ म्हणजे ओळ मोडून बाजूला होणे. चक्कर येत असेल तर ‘सर, मे आय फॉल आऊट?’ असे विचारतात, आणि ते योग्य इंग्रजी आहे. त्यालाच ‘विथ’ जोडले की अर्थ बदलतो. ‘आय फेल आऊट विथ माय सेक्शन कमांडर’ म्हणजे माझे त्याच्याशी बिनसले. एक छोटा शब्द वाढला आणि ओळीतून बाहेर होण्याचे भांडण झाले. अशा वाक्याची चौकशी हाऊसमास्तरांच्या खोलीत होते.

‘फॉलआऊट’ हा एकत्र लिहिलेला शब्द आणखी वेगळा आहे. अणुस्फोटानंतर हवेत उडालेली किरणोत्सारी धूळ नंतर हळूहळू खाली बसते, ती धूळ म्हणजे ‘फॉलआऊट’. अमेरिकेने 1 मार्च 1954 रोजी प्रशांत महासागरात बिकिनी बेटावर केलेल्या चाचणीची अशी राख दूरवर असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि त्यावरचे खलाशी आजारी पडले. आपल्या पोखरणच्या 1974 आणि 1998 च्या चाचण्या जमिनीखाली घेतल्या होत्या. तसे करण्याचे एक मोठे कारण हीच धूळ. आता वर्तमानपत्रांत कोणत्याही घटनेच्या वाईट परिणामांना ‘फॉलआऊट’ म्हणतात, ते यावरूनच.

‘मागे पडणे’ आणि ‘फॉल बॅक’ यांतला फरक सैनिकी शाळेतल्या मुलाला तरी माहीत हवा. क्रॉस कंट्रीत दम लागून मी मागे पडलो तर ते ‘फॉल बिहाइंड’. माझी तशी इच्छा नव्हती, पाय चालले नाहीत. पण पलटण हुकमाप्रमाणे, ठरलेल्या मागच्या मोर्चावर जाते तेव्हा ते ‘फॉल बॅक’. तिथे पाय नीट चालत असतात आणि डोकेही. ‘फॉल बॅक’ला ‘मागे पडणे’ म्हणणे हा त्या पलटणीवर अन्याय आहे. ‘मागे हटणे’ किंवा ‘माघार घेणे’ म्हणावे. त्यात ‘ऑन’ मिळवला की अर्थ आणखी सरकतो. ‘फॉल बॅक ऑन’ म्हणजे अडचणीच्या वेळी एखाद्या गोष्टीचा आधार घेणे. मेसमध्ये दुधी भोपळा असेल त्या दिवशी आपण घरून आलेल्या चकलीवर ‘फॉल बॅक ऑन’ करतो.

मग मराठीतली बरीच ‘पडणी’ अशी आहेत की त्यांना इंग्रजीत ‘फॉल’ लागतच नाही. ऊन पडते, पण इंग्रजीत सूर्य ‘कम्स आऊट’. फरक पडतो, पण इंग्रजीत तो ‘मेक्स अ डिफरन्स’. वस्तू महाग पडते, गोष्ट उपयोगी पडते, सवय पडते, टोपणनाव पडते. सुट्टी पडते तेव्हा इंग्रजीत शाळा ‘ब्रेक्स अप’, म्हणजे शब्दशः तुटते. आपण पडतो असे म्हणतो, ते तुटते असे म्हणतात, आनंद दोघांना सारखाच. उलट बाजूनेही असेच आहे. तारीख एखाद्या वारी ‘फॉल्स’, मराठीत ती येते. 26 जानेवारी 1950 हा दिवस गुरुवारी आला होता, ‘इट फेल ऑन अ थर्सडे’. एखादी वस्तू एखाद्या वर्गात ‘फॉल्स’, मराठीत ती त्या वर्गात मोडते. का मोडते, कोण जाणे.

हे सगळे पाठ करणे कठीण आहे. मी बरेच दिवस दोन रकाने करून वहीत उदाहरणे लिहीत होतो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मराठीत बहुतेक वेळा गोष्ट माणसाला पडते, तर इंग्रजीत माणूस गोष्टीत पडतो. मला प्रश्न पडला, मला स्वप्न पडले, मला विसर पडला. पडणारा प्रश्न आहे, स्वप्न आहे, विसर आहे. मी नुसता ‘मला’ म्हणून शेजारी उभा आहे. इंग्रजीत ‘आय’ पुढे आल्याशिवाय वाक्य सुरू व्हायला तयार नसते. म्हणून तिथे ‘आय वंडर्ड’, ‘आय ड्रेम्ट’, ‘आय फरगॉट’. आणि जिथे ‘फॉल’ येतो तिथेही पडणारा मीच असतो. ‘आय फेल इन्टू अ हॅबिट’, म्हणजे मी सवयीत पडलो. मराठीत सवय मला पडली. झोपेचेही तसेच. ‘आय फेल अस्लीप’ म्हणताना इंग्रज झोपेत पडतो, आणि आपल्याला झोप लागते. प्रेपच्या वेळी डुलकी लागल्यावर पकडले गेलो तर ‘सर, मी झोपलो नव्हतो, झोप लागली’ हे मराठीत निदान बोलता तरी येते. इंग्रजीत ही पळवाट नाही.

म्हणून खूण अशी: मराठी वाक्यात ‘मला’, ‘त्याला’, ‘आम्हाला’ असेल आणि शेवटी ‘पडले’ असेल, तर इंग्रजीत ‘फॉल’ टाळा, दुसरे क्रियापद शोधा. वाक्यात ‘मी’, ‘तो’, ‘आम्ही’ असेल तर ‘फॉल’ बसण्याची शक्यता बरी आहे. मी आजारी पडलो, मी प्रेमात पडलो, तो बळी पडला, आम्ही कमी पडलो. चारही ठिकाणी ‘फॉल’ बसतो. खूण शंभर टक्के चालत नाही, ‘बाहेर पडलो’ने ती मोडतेच. पण माझ्या वहीत तिने बरेच काम केले.

‘आजारी पडणे’वरून आठवले. ‘फॉल’पुढे विशेषण आले की त्याचा अर्थ ‘होणे’ असा होतो. ‘फॉल इल’, ‘फॉल अस्लीप’, ‘फॉल सायलेंट’, ‘फॉल व्हेकंट’. या रांगेत एक शिस्त आहे. बरे असलेला आजारी ‘फॉल’ होतो, आजारी असलेला बरा ‘फॉल’ होत नाही. जागा झोपतो, बोलका गप्प होतो, भरलेली जागा रिकामी होते. सगळी वाट उताराची. चढाला ‘गेट’ लागतो: ‘गेट वेल’. आता प्रेमात पडणे हा उतार आहे की चढ, यावर आमच्या डॉर्मिटरीत दिवे गेल्यावर एकदा चर्चा झाली. निर्णय व्हायच्या आत ड्यूटी मास्तर आले.

शब्दयोगी अव्ययांचा थोडा त्रास आहे. मराठीत सायकलवरून, झाडावरून, खाटेवरून, सगळीकडे ‘वरून’ चालते. इंग्रजीत सायकलवरून ‘ऑफ’, उंचीवरून ‘फ्रॉम’, जिन्यावरून ‘डाऊन’, आणि ठेच लागून आडवे झालो तर ‘ओव्हर’. अडथळ्यांच्या शर्यतीत हे सगळे एका दिवसात शिकायला मिळतात.

आता पुन्हा ‘फॉल इन’. यात पडणे कुठे आहे? माझ्या समजुतीप्रमाणे इथे ‘फॉल’ म्हणजे आपोआप आपल्या जागी येऊन बसणे, जसे ‘फॉल इन्टू प्लेस’मध्ये होते. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, आज्ञा झाली की तो तिथे असायला हवा. परेडवर आपल्याला उस्ताद हिंदीत ‘लाइन तोड’ म्हणतात ते ‘फॉल आऊट’ आणि ‘विसर्जन’ म्हणतात ते ‘डिसमिस’. दोन्हींनी आपण मोकळे होतो, पण ‘फॉल आऊट’नंतर पुन्हा ‘फॉल इन’ होऊ शकते, ‘डिसमिस’नंतर परेड संपली. निबंधात लिहिताना ‘वी डिड फॉल-इन’ असे लिहू नका. तो आपल्या शाळेतला बोलण्याचा प्रकार आहे. ‘वी फेल इन’ एवढेच लिहावे. आणि कोणी ‘द रूफ फेल इन’ म्हणाले तर छप्पर परेडला आले असे समजू नका, ते कोसळले आहे.

शेवटचा अर्थ सर्वांत जड आहे. लढाईत मरण आलेल्या सैनिकांना इंग्रजीत ‘द फॉलन’ म्हणतात, आणि ‘ही फेल इन ॲक्शन’ म्हणजे तो लढताना मारला गेला. नवीन आलेला सहावीतला मुलगा स्मारकाच्या फलकावर हा शब्द वाचतो तेव्हा त्याला वाटते, कोणी ठेच लागून पडला. त्याला हसू नका. शब्दकोशाने त्याला पहिला अर्थ दिला आहे. मराठीत यासाठी ‘धारातीर्थी पडणे’ असा शब्द आहे. धारा म्हणजे तलवारीची धार, आणि तीच तीर्थ मानली आहे. पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासराव गोळी लागून पडले, असे आपण इतिहासात वाचतो. तिथे ‘पडले’ एवढे म्हटले तरी पुरते. दिल्लीत इंडिया गेटजवळ 2019 साली राष्ट्रीय समर स्मारक उभे राहिले. त्याच्या त्याग चक्रात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सैनिकांची नावे ग्रॅनाइटच्या पाट्यांवर कोरलेली आहेत. ‘कामी आले’ हाही आपला शब्द. मला तो ‘फॉलन’पेक्षा जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात माणूस खाली जात नाही, कोणाच्यातरी उपयोगाला येतो. पण इंग्रजी ‘फॉलन’ वाचताना मान आपोआप झुकते हेही खरे.

आता थोडा सराव. ही वाक्ये इंग्रजीत करून पाहा: ‘काल रात्री मला गडाचे स्वप्न पडले.’ ‘तो दोरावरून पडला.’ ‘पाऊस पडत असूनही आम्ही सहा वाजता रांगेत उभे राहिलो.’ ‘माझे त्याच्याशी दोन दिवसांपूर्वी भांडण झाले.’ ‘संचलन उत्तम पार पडले.’

पहिल्यात ‘मला’ आहे, म्हणून ‘आय ड्रेम्ट ऑफ अ फोर्ट लास्ट नाइट’. दुसऱ्यात ‘ही फेल ऑफ द रोप’. तिसऱ्यात गंमत अशी की मराठीत जिथे ‘पडत’ आहे तिथे ‘फॉल’ लागत नाही, आणि जिथे ‘उभे राहिलो’ आहे तिथे लागतो: ‘दो इट वॉज रेनिंग, वी फेल इन ॲट सिक्स’. चौथ्यात ‘आय फेल आऊट विथ हिम टू डेज अगो’. पाचव्यात ‘फेल थ्रू’ लिहिणाऱ्याने लेख पुन्हा वाचावा. बरोबर उत्तर आहे ‘द परेड वेन्ट ऑफ वेल’. आता ‘गो ऑफ’चा दुसरा अर्थ बाँब फुटणे असा आहे, पण ‘गो’ हे क्रियापद संपादकांनी जागा दिली तर पुढच्या अंकात.